विरजणाचं कापड

स्टुटगार्ट
१५ नोव्हेंबर २००५

प्रिय दादा,
जयभीम.

पोहोचून आठवडा झाला, पण पत्राला आज बसले. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी रडते, तू "आवाज कटून राहिला, आवाज कटून राहिला" म्हणत बसतोस आणि कार्ड संपतं. त्यापेक्षा तू सुचवलंस तेच बरं. डायलिसिसच्या मशीनवर चार-चार तास पडून राहायचं, डाव्या हातात सुया, उजवा हात मोकळा. त्या हाताला काहीतरी काम दे म्हणालास. घे, दिलं.

नागपूरच्या डॉक्टरांचे शब्द अजून कानात आहेत. रक्तगट जुळतो, किडनी जुळते, बहिणीची किडनी म्हणजे सोन्याहून पिवळं. पण बाईंचं वजन आणि रक्तदाब असा असताना मी सुरी लावणार नाही, दहा-बारा किलो उतरवून या. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "म्हैस घेताना लोक भरलेली पाहून घेतात, हा डॉक्टर उलटाच हाय." वहिनी तुझ्यावर चिडल्या, पण मला तेव्हा हसू आलं म्हणून बरं, नाहीतर त्या जिन्यावरच बसले असते.

तर आता कामाला लागले आहे. भात कमी, प्रोटीन जास्त. दूध, दही, पनीर खा, असं सांगितलंय. काल त्यासाठी इथल्या मोठ्या दुकानात गेले. दादा, तुला तिथं सोडलं तर तू संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाहीस. भिंतभर थंड कपाट आणि सगळं दुधाचं. दही किती तऱ्हेचं ते विचारूच नकोस. क्वार्क नावाचा एक प्रकार आहे, म्हणजे आपण श्रीखंडाला दही बांधतो ना, तो चक्काच समज. प्रत्येक डब्यावर फॅटचा आकडा. एकावर ०.२, एकावर वीस, एकावर चाळीस. मी ०.२ चा डबा हातात घेतला आणि तुझा चेहरा आठवला. असलं दूध घेऊन कोणी तुझ्या फुलचूरच्या दूध संकलन केंद्रावर आला असता, तर तू त्याला कॅनसकट घरी धाडला असतास. म्हटलं, पैसे देऊन पाणी कशाला खायचं? चाळीसवाला घेतला. पांढराशुभ्र आहे, चमचा उभा राहतो. आता सकाळी तोच आणि रात्री तोच.

हिमांशूनं फार काही विचारलं नाही. "भाऊ तुझा, किडनी तुझी, मी भाजी चिरून देतो," एवढंच म्हणाला.

मी उतरवते वजन. तू तेवढा टिकून राहा.

तुझी,
रश्मी


नागपूर, खाटेवरून
३ डिसेंबर २००५

प्रिय रश्मी,
जयभीम.

अक्षर वाकडं आलं तर मशीनला दोष दे. पत्र कालच आलं, पण मुद्दाम फोडलं नाही. आज इथं आणून वाचलं. शेजारच्या खाटेवर तुमसरचे चुन्नीलालजी असतात. मी दूध सोसायटीचा सचिव, म्हणून विचारतात, "का लिहून राहिला सचिव? दूध का हिसाब?" मी म्हटलं, हो, जर्मनीच्या दुधाचा.

चाळीस फॅट! शाबास. माझ्या केंद्रावर म्हशीचं दूध सात लागलं तर मी त्या माणसाला खुर्ची देतो, तुला तर पलंगच द्यायला हवा. साय काढलेलं दूध आपण वासरालाही पाजत नाही, मग किडनी देणाऱ्या बाईनं कशाला खायचं? मलई गेली की सत्त्व गेलं, एवढं तुझ्या दहावी पास भावालाही कळतं. बिनधास्त खा.

माझं म्हणशील तर, पाणी मोजून. दही आठवड्यातून दोनदा, तेही वाटी कसली, बाटलीचं झाकण म्हण. सकाळभर दुसऱ्यांचं दूध तपासायचं आणि घरी येऊन आपल्याच म्हशीच्या दह्याकडे बघत बसायचं. अल्का दही लावते आणि फडताळाला कडी घालते, घरात मांजर असल्यासारखी. परवा म्हटलं, एक चमचा तरी दे. तर म्हणाली, "ननंद किडनी आणून राहिली, तोवर जीभ आवरा." आवरली.

मशीनसाठी हाताची नस जोडून ठेवलीय, ती सारखी भुणभुणते. टीना कान लावून ऐकते. दहावीचं वर्ष आहे तिचं, पण अभ्यासापेक्षा बापाच्या हाताची काळजी जास्त.

थकायला होतं, खोटं कशाला बोलू? पण केंद्रावर जातो. तू येऊन गेल्यापासून झोप लागते. त्याआधी लागत नव्हती. टीनाचं काय होईल, हाच विचार यायचा. आता नाही येत.

हिमांशूरावांना सांग, भाजी बारीक चिरा.

तुझा,
राजदीप


स्टुटगार्ट
१० जानेवारी २००६

प्रिय दादा,
जयभीम.

हे पत्र लिहायला हात उचलत नव्हता.

वजन उतरलं नाही. वाढलं. काट्यावर उभी राहिले तेव्हा वाटलं काटा बिघडला. मग आमच्या डॉक्टरांनी एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, रोज काय खाता? मी मोठ्या ऐटीत त्या चाळीसवाल्या डब्याचं नाव सांगितलं. बाई आधी हसल्या, मग माझं तोंड पाहून हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, हाच का निवडला? मी काय सांगणार? आमच्या घरी पातळ दूध म्हणजे लबाडी, आणि माझ्या भावानं त्या लबाडीवर आयुष्यभर पहारा दिला, हे जर्मनमध्ये कसं सांगायचं?

त्यांनी दोन डबे शेजारी ठेवले आणि बारीक अक्षरातलं वाचून दाखवलं. दादा, साय काढली तरी प्रोटीन जात नाही. ते दुधातच राहतं. उलट साय नसलेल्या डब्यात ते थोडं जास्तच असतं, आणि कॅलरी निम्म्याहून कमी. म्हणजे ज्याला आपण पाणी म्हणत होतो तेच मला हवं होतं, आणि मी दोन महिने लोण्याचे गोळे गिळत होते. तुझे दोन महिने मी खाऊन टाकले रे.

आता ०.२ वाला आणते. भिंतीला लावायच्या चुन्यासारखा लागतो. फळांचं दही घ्यावं तर त्यात साखर, ते नको. हलकं म्हणून लिहिलेलं घ्यावं तर त्यातही कधीकधी साखर. प्रत्येक डबा उलटा करून वाचते. दुकानातली मुलगी आता माझ्याकडे संशयानं बघते.

अजून एक. वहिनींना सांगू नकोस. रक्त तपासलं त्यात साखर काठावर आली आहे. आईला सुरुवातीला असंच सांगितलं होतं ना? तिच्या पायाची ती जखम मला आजही दिसते. आई चोपन्नाव्या वर्षी गेली आणि मी आता अडतीसची. पण माझी काळजी करू नकोस. साखर वाढली तर डॉक्टर माझी किडनी घेणार नाहीत, मला भीती फक्त त्याची आहे.

रागावला असशील तर तसं लिही. गप्प राहू नकोस.

रश्मी


कुडवा, गोंदिया
२ फेब्रुवारी २००६

प्रिय रश्मी,
जयभीम.

रागावलो नाही. शाबास कोणी म्हटलं होतं? मीच ना? मग अर्धी चूक माझी. तुझं पत्र चुन्नीलालजींना वाचून दाखवलं तर ते एवढे हसले की सिस्टर धावत आली. माझ्या केंद्रावर आता कोणी पातळ दूध आणलं तर मी म्हणणार आहे, या, तुमचं दूध जर्मनीला पाठवतो.

पण साखरेचं वाचून हसू गेलं. दोनदा वाचलं. तू लिहितेस, भीती फक्त किडनीची आहे. असं लिहू नये. आईही असंच म्हणायची, "मले काही होत नाही, पोरायचं पाहा." आम्ही पोरांचं पाहिलं. आईचं पाहायचं राहून गेलं.

आता कामाचं. या पाकिटात एक कापड आहे, ते कस्टमवाल्यांनी फेकलं नाही तर तुला मिळेल. हे आपल्या घरचं विरजण आहे. आजीनं आईला लग्नात असंच दिलं होतं. इटियाडोहाच्या कालव्यावरच्या तिच्या गावातून आई ते पदराला बांधून घेऊन आली. धुतलेलं सुती कापड ताज्या दह्यात बुडवायचं आणि सावलीत कडक वाळवायचं, झालं. तेव्हापासून आपल्या घरात दह्याचा खंड नाही. तुझ्या लग्नात हे तुला द्यायला हवं होतं. आई नव्हती, आणि बाकी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तुझं ते साय काढलेलं दूध कोमट कर, बोट सोसेल इतकंच. त्यात कापडाचा तुकडा बुडव, झाकून उबेला ठेव आणि हलवू नको. पहिल्यांदा लागणार नाही, चिकट तार येईल. त्यातलंच चमचाभर घेऊन पुन्हा लाव. दुसऱ्यांदा लागेल. चुना खाण्यापेक्षा घरचं दही खा.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची तपासणी आहे. ऑपरेशनच्या आधी करतात म्हणे. बाकी ठीक.

राजदीप


स्टुटगार्ट
४ एप्रिल २००६

प्रिय दादा,
जयभीम.

दोन महिने तुझं पत्र नाही. फोन केला की टीना म्हणते, बाबा झोपलेत. वहिनी म्हणतात, बरे आहेत, आणि लगेच टीनाला देतात. सगळे मिळून माझ्यापासून काही लपवत तर नाही ना?

दही लागलं! पहिल्यांदा तू म्हणालास तशी तार आली, मी घाबरले. दुसऱ्यांदा रुमहीटरजवळ टॉवेलात गुंडाळून ठेवलं. सकाळी झाकण काढलं आणि वास आला. दादा, आईच्या स्वयंपाकघराचा वास. दूध इथलं, तेही साय काढलेलं, आणि वास कुडव्याचा. मी ओट्याशी उभी राहून रडले. हिमांशूला वाटलं हात भाजला.

आता सकाळी हे दही, वर थोडं जिरं. दुपारी दाण्यादाण्याचं एक पनीर मिळतं इथं, त्यातलं कमी फॅटचं, काकडीबरोबर. रात्री वरण आणि ताक. चीज, गोड दही, मलईचं सगळं बंद. शिवाय आमच्या घरामागे द्राक्षाच्या मळ्यांची टेकडी आहे, ती रोज चढते. आधी अर्ध्यावर बसायचे, आता वरून आमचं छप्पर शोधते. आठ किलो उतरलं. साखर खाली येते आहे. जुने ड्रेस अंगावर लोंबतात.

आता तारीख विचार ना डॉक्टरांना. मला इथं रजा टाकावी लागेल. आणि हृदयाच्या तपासणीचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस.

रश्मी


कुडवा
२८ एप्रिल २००६

प्रिय रश्मी,
जयभीम.

उन्हामुळे लिहिणं होत नाही. तपासणी झाली. हृदय जागेवर आहे म्हणाले.

तुझं दही लागलं हे वाचून बरं वाटलं. टीनाकडून दोनदा वाचून घेतलं.

डॉक्टर म्हणतात घाई करू नका. बहिणीला अजून चार किलो उतरवू द्या, आणि साखर पूर्ण नॉर्मल पाहिजे, तीही कागदावर. तेव्हा रिपोर्ट पाठव. टेकडी सोडू नको.

चुन्नीलालजी आता येत नाहीत. त्यांच्या खाटेवर नवीन माणूस आहे, तो बोलत नाही.

राजदीप


स्टुटगार्ट
२० मे २००६

दादा,

जयभीम. आज मी रागात आहे, आधीच सांगते.

ही चार किलोंची अट कुठून आली? ऑक्टोबरात डॉक्टर तुझ्या-माझ्यासमोर बोलले होते, त्यांनी सांगितलेला आकडा मी मागच्या आठवड्यात गाठला. आता म्हणे आणखी चार. आणि तुझं पत्र म्हणजे तार आली असं वाटलं. माझा दादा दोन ओळींत पत्र संपवणारा नाही. डॉक्टरांचा नंबर दे म्हटलं तर तू म्हणतोस, ते फोनवर बोलत नाहीत.

ठीक आहे. उतरवते चार. आता काय अवघड आहे? मला त्या मुळमुळीत दह्याची सवय झाली आहे, ते खाल्लं नाही तर चुकल्यासारखं वाटतं. सोबत रक्ताचा रिपोर्ट जोडला आहे. साखर नॉर्मल. रक्तदाबाची अर्धी गोळी बंद झाली. आहारतज्ज्ञ बाई मला बाकीच्या पेशंटांना दाखवतात.

बारा ऑगस्टचं तिकीट काढलं आहे. तुझ्या डॉक्टरांनी तारीख देवो वा न देवो, मी येऊन त्यांच्या दारात बसणार. तू फक्त तोवर टिकून राहा. पहिल्या पत्रातही हेच लिहिलं होतं, पण माझ्याकडे दुसरं मागणं नाही.

रश्मी


कुडवा
१६ जून २००६

प्रिय रश्मी,
जयभीम.

बेटा, रिपोर्ट मिळाला. आईच्या कागदावर असा आकडा मी कधी पाहिला नव्हता. दर महिन्याला मीच तिला सरकारी दवाखान्यात न्यायचो, म्हणून सांगतो. टीनानं तुझा कागद भिंतीला चिकटवलाय, तिच्या वेळापत्रकाशेजारी. दहावी पास झाली ती. गणितात बापावर गेली नाही.

हात थरथरतो, एवढं लिहायला दोन दिवस लागले. पण हे टीनाकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

ये ऑगस्टमध्ये. ये आणि दार अडवून बस. पण एक वचन दे. नंतरही तू ते दही, ती टेकडी, काही सोडायचं नाही. एक किडनी दिली की उरलेल्या एकीवर तुला जन्म काढायचा आहे, म्हणून म्हणतो. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, आई गेली त्या वयातही, आणि त्यानंतरही. केंद्रावर मी कोणाकडून तोंडी काही घेत नाही, तुला माहीत आहे. लिहून पाठव. फक्त "हो" लिही, बाकी काही नको.

तुझा,
दादा


स्टुटगार्ट
१ जुलै २००६

हो.

रश्मी


कुडवा
१४ ऑगस्ट २००६

रश्मीताई,
जयभीम.

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. लग्नानंतर मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही. पण फोनवर हे बोलणं होणार नाही, म्हणून लिहिते.

ते गेल्याचं कळून तुम्ही तिकिटाच्या तारखेआधीच धावत आल्या, तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. एक दिवस थांबवायला पाहिजे होतं, पण पावसाचे दिवस, मोठी माणसं ऐकेनात. तुम्ही आठ दिवस राहिल्या. बसायला बाया येत होत्या आणि तुम्ही एकेकीला सांगत होत्या, माझं वजन वेळेवर उतरलं असतं तर दादा वाचला असता. नंदाबाईला सांगितलं, केवलरामकाकांना सांगितलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींसमोरही तेच. मी आत भांडी घासत ऐकत होते. मला बोलायचं होतं, पण त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली होती. आता तुम्ही गेल्यावर घर रिकामं झालं आणि तुमचं ते बोलणंच कानात घुमतं. म्हणून शपथ मोडते. त्यांना काय वाटायचं ते वाटो.

ताई, ऑपरेशन होणारच नव्हतं. फेब्रुवारीतच डॉक्टरांनी नकार दिला. त्यांचं हृदय कमजोर झालं होतं. टेबलवर घेतलं तर उठणार नाहीत, आणि बहिणीची किडनी काढून वाया घालवायची नाही, असं तोंडावर सांगितलं. तुम्ही तेव्हा शंभर ग्रॅमही उतरवलं नसतं किंवा वीस किलो उतरवलं असतं, काही फरक पडत नव्हता. तो चाळीसचा डबा खाल्ला नसता तरी नाही. हे नीट वाचा, पुन्हा वाचा.

परत येताना मी गाडीत रडत होते. ते खिडकीतून धानाच्या बांध्या बघत होते. भंडारा रोड गेल्यावर म्हणाले, "रश्मीले सांगू नको." मी म्हटलं, "काऊन? ते तिथं पोट मारून राहिली, तिले काऊन फसवता?" तर म्हणाले, "ते मायच्या रस्त्यानं चालली, अल्का. सोताच्यासाठी कर म्हटलं तं करन का? नाही करत. भावासाठी करून राहिली, तं करू दे."

मी खूप भांडले. म्हटलं, "हे पाप हाय. तिले समजन तं तुम्हाले माफ नाही करन." ते म्हणाले, "तोवर साखर तं उतरन." ते चार किलो डॉक्टरांनी सांगितले नव्हते. तुम्ही आकडा गाठत आल्या याचा त्यांना पत्रावरून अंदाज आला, म्हणून आधीच अट वाढवून ठेवली. मला म्हणाले, "पोरगी जीतून राहिली, आता रस्ता लांबवाले पाह्यजे." तुमचं पत्र आलं की त्या दिवशी त्यांना जेवण जायचं. नाहीतर दोन घास.

तुमचं "हो" आलं ते त्यांच्या हातात पडलं. ते जायच्या एक आठवडा आधी. ते कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं, दूध केंद्रावरच्या पावत्या ठेवायचे तिथं. जाताना तो सदरा अंगात होता. मी कार्ड काढून घेतलं नाही.

तुम्ही माझ्यावर राग धरा. मी सहा महिने तुमच्याशी फोनवर खोटं बोलले, म्हणून लगेच टीनाला द्यायची. पण तुमच्यामुळे गेले असं पुन्हा कोणाला सांगू नका.

आणखी एक सांगायचं आहे, ते त्याहून लहान आहे पण मला तेच रोज टोचतं. त्या दिवसांत जेवण बाहेरून यायचं. दही लावायचं कोणाला सुचलं नाही. नंतर फडताळ उघडलं तर भांड्यात बुरशी. सासूबाईंपासून चालत आलेलं माझ्या हातून तुटलं. शेजारच्या घरून विरजण आणलं, पण टीना वाटीला हात लावत नाही. म्हणते, हे आपलं नाही. कडी आता घालत नाही फडताळाला. कोणासाठी घालायची?

तुमची वहिनी,
अल्का


स्टुटगार्ट
१७ सप्टेंबर २००६

प्रिय वहिनी,
जयभीम.

तुमचं पत्र आलं त्याला तीन आठवडे होतील. तुम्ही दोनदा फोन केलात, मी घेतला नाही. तुमच्यावर राग नव्हता. दादावर होता, आणि मेलेल्या माणसावर रागवायचं कसं हे मला कळत नव्हतं.

मला वाटलं, त्यानं मला लहान पोरीसारखं फसवलं. मी इथं त्याच्यासाठी घास मोजत होते, टेकडी चढताना त्याचं नाव घेत होते, आणि त्याला सगळं माहीत होतं. त्याला मरायला सहा महिने आहेत हे मला कळलं असतं तर मी किलो उतरवत बसले असते का? नोकरी टाकून येऊन त्याच्या खाटेशी बसले असते. त्यानं माझे ते सहा महिने घेतले. मला त्याच्याजवळ बसायचं होतं, वहिनी. ते मला मिळालं नाही आणि आता मिळणारही नाही. हे मी त्याला कधी माफ करीन की नाही ठाऊक नाही.

रागाच्या भरात मी दुकानात जाऊन तो चाळीसवाला डबा आणला. ओट्याशी उभी राहून खायला लागले. अर्धा खाल्ला. खाताना त्याचं ते "शाबास" आठवलं आणि पुढचा घास गिळता येईना. घरचं दही तर मी तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून लावलंच नव्हतं. म्हटलं, गेलं असेल तेही, आपल्या हातानं तोडलं. फ्रिज उघडला तर मागच्या कोपऱ्यात ताजं दही. हिमांशू रोज लावत होता. मला म्हणाला, "तू लिहून दिलंयस ना त्यांना. मग मोडायचं कसं?" त्याला कुठे माहीत होता केंद्रावरचा कायदा? पण बोलला बरोबर तेच.

तेव्हा बसून खाल्लं. वाटीभर, जिरं घालून. पुन्हा टेकडीवर जाते आहे. गेल्या आठवड्यात रक्त तपासलं, साखर नॉर्मल. हा कागद कोणाला पाठवू हे कळेना, म्हणून टीनाला पाठवते आहे. भिंतीवरचा जुना काढू नको म्हणावं, त्याच्या खाली लाव. दर सहा महिन्यांनी नवीन पाठवीन.

वहिनी, तुमच्या हातून काही तुटलेलं नाही. पाकिटात एक कापड आहे. दादानं पाठवलेलंच, तोच तुकडा, धुऊन ठेवला होता. इथल्या दह्यात बुडवून सावलीत वाळवलं आहे. दूध इथलं आहे, पण विरजण आपलं, आईपासूनचं. म्हशीच्या दुधात लावा, साय काढू नका. साय काढलेलं मी खाते इथं. दूध बोट सोसेल इतकं कोमट करा, झाकून ठेवा आणि हलवू नका. पहिल्यांदा लागणार नाही, चिकट तार येईल, घाबरू नका. त्यातलंच चमचाभर घेऊन पुन्हा लावा.

टीनाला पहिली वाटी द्या. आणि तिनं खाल्लं तर मला पत्र लिहा. तुम्हाला लिहिता येत नाही म्हणता, तर लांब नको. नुसतं "लागलं" लिहा.

तुमची,
रश्मी